तीस गुणांची कुमक

सोमवार, १० नोव्हेंबर १९१३

आजपासून रोजनिशी लिहिणार. बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीतून सरासरी आणि शक्यता या विषयावरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं आहे. त्यात पहिल्याच प्रकरणात म्हटलं आहे की निरीक्षण करणाऱ्याने जे दिसेल ते त्याच दिवशी टिपावं, आवडलं नाही म्हणून गाळू नये. माझा स्वभाव मुळातच तसा आहे. सुहासिनीला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "न आवडलेलं तुम्ही गाळत नाही हे खरं. आठ आठ दिवस घोळत बसता." हेही टिपलं.

पुस्तक अगदी वेळेवर मिळालं. आज हेडमास्तर हिंमतरावांनी आम्हां शिक्षकांना खोलीत बोलावून वरून आलेला हुकूम वाचला. इंग्रजी पाचवीच्या प्रत्येक वर्गाची गणितातली सरासरी गेल्या सालच्या खाली जाता कामा नये. सहामाहीचा एक तक्ता द्यायचा आणि वार्षिकाचा एक. वार्षिकात ज्याचा वर्ग खाली जाईल, त्या मास्तराची बदली सोनगडला. सोनगड म्हणजे आपल्या राज्याचं पार दक्षिणेचं टोक, जंगल आणि हिवताप. पूर्वी तिथे गेलेले एक मास्तर सहा महिन्यांनी सुट्टीवर आले, तेव्हा त्यांच्याच कुत्र्याने त्यांना दारात अडवलं होतं.

माझा अ वर्ग, गेल्या सालची सरासरी चाळीस. भिंतीपलीकडे ब वर्ग, मोहनरावांचा, अठ्ठावीस. मोहनराव हुकूम ऐकताना खिशातल्या पुडीतून शेव-गाठ्या खात होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बळवंतराव, एवढं काय मनावर घेता? जे थवानुं ते थशे! व्हायचं ते होणारच." या माणसाची सरासरी अठ्ठावीस का, हे सांगायला पुस्तक नको.

रविवार, १६ नोव्हेंबर

सहामाहीचे पेपर तपासून झाले. वीस मुलं, एकूण गुण सातशे नव्वद. सरासरी साडेएकोणचाळीस. चार वेळा बेरीज केली, एकदा खालून वर केली. आकड्याला माणसाची भीड नसते.

अर्धा गुण! वार्षिकातही असंच झालं तर अर्ध्या गुणासाठी सोनगड!

सगळ्यांत वर चौऱ्याऐंशी, सगळ्यांत खाली नऊ. नऊवाला फत्तेसिंहराव, सरदारांकडचा. स्वतःच्या घोडागाडीतून येतो आणि घोडा कंटाळला असेल म्हणून लवकर सुट्टी मागतो. त्याच्या वर एक बावीसवाला, आणि त्याच्या वर अठरावा, मानसिंगराव, गुण तीस. हा पंधरा वर्षांचा, राहायला शहरातल्या वाडी भागात, बाप फौजेतून पेन्शनीत निघालेला हवालदार. या शिपाईगड्यांच्या घरात पोराला पाळण्यातच 'राव' लावतात. शेवटच्या बाकावर बसतो. काही विचारलं की ताडकन उभा राहतो आणि पुढे शब्द नाही. मग मी म्हणतो, "मानसिंगराव, आपली स्वारी उत्तर घेऊन केव्हा यायची?" वर्ग हसतो. गणितासारख्या रुक्ष विषयात असा विनोद असला म्हणजे मुलांची भीड चेपते, असा माझा अनुभव आहे. त्याची मात्र अजून चेपलेली नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

शक्यतेचा नियम पडताळून पाहण्यासाठी आत्याला कामाला लावलं. माझी आत्या गंगाबाई आमच्याकडेच असते आणि सोंगट्या खेळण्यात तिचा हात धरणारा आख्ख्या आळीत नाही. तिला सहा कवड्या दिल्या आणि सांगितलं की दोनशे वेळा टाक. जितक्या उताण्या पडतील तितके चिंचोके दर वेळी पातेल्यात टाकायचे. सरासरी तीनच्या आसपास यावी असा माझा अंदाज.

शाळेतून येऊन चिंचोके मोजले तर सरासरी साडेतीनच्या वर! मी चक्रावलो. उलटतपासणी घेतल्यावर कळलं की आत्याने एक, दोन असली दानं धरलीच नव्हती.

"दळभद्री दान कशाला धरायचं? पाट हलला असेल," म्हणाली.

मी तिला समोर बसवून स्वच्छ शब्दांत समजावलं. "आत्या, पडलं ते दान पडलं. नको असलेलं दान बाजूला सारून जी सरासरी काढतात, ती स्वतःची फसवणूक असते. विद्येच्या कामात असला लबाडपणा चालत नाही."

आत्या रुसली. सुहासिनी पदर तोंडाला लावून आत गेली. बहुधा ठसका लागला असावा.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सापडलं!

मोहनरावांनी त्यांच्या वर्गाची बेरीज करायला मला दिली, कारण त्यांना स्वतःला प्रत्येक वेळी वेगळी येते. वीस मुलं, पाचशे अठ्ठावन्न गुण, सरासरी सत्तावीस पूर्णांक नऊ दशांश. म्हणजे तेही बुडाले, एका गुणाच्या दहाव्या भागाने. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

माझ्या वर्गातून सरासरीखालचा एक मुलगा कमी केला तर माझी सरासरी चढेल. तोच मुलगा मोहनरावांच्या सरासरीच्या वरचा असेल तर त्यांचीही चढेल. फत्तेसिंहरावाला दिलं तर माझं भागतं, पण त्याचे नऊ गुण मोहनरावांना बुडवतात, आणि त्याच्या घोड्याला कोण सांभाळणार. तीसवाला मात्र नेमका बसतो. सातशे नव्वदातून तीस गेले, सातशे साठ. भागिले एकोणीस, बरोबर चाळीस! पाचशे अठ्ठावन्नात तीस आले, पाचशे अठ्ठ्याऐंशी. भागिले एकवीस, बरोबर अठ्ठावीस! एक मुलगा भिंतीच्या या बाजूने त्या बाजूला गेला की दोन मास्तर सोनगडातून सुटले.

स्वयंपाकघरात जाऊन सुहासिनीला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"म्हणजे कोणाला एक तरी गुण जास्त मिळाला का?"

"नाही."

"कोणाला काल येत नव्हतं ते आज येऊ लागलं?"

"नाही."

"मग वाढलं काय?"

"सरासरी!"

तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "असं बघा. या घरात तुमच्याहून तापट कोणी नाही. माझ्या माहेरी, पाद्रा गावी, माझे भाऊ आहेत ते सगळेच तुमच्या वरचढ. तुम्ही महिनाभर तिकडे जाऊन राहिलात तर दोन्ही घरं थंड होतील, नाही का?"

उदाहरण तत्त्वतः बरोबर आहे. तिने ते का दिलं ते लक्षात आलं नाही.

मग म्हणाली, "त्या पोराला विचारलंत का?" सरासरी काढताना कोणी कोणाला विचारत नसतं, हे मी तिला सांगितलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मोहनराव तयारच होते. "द्या ने भाई, एक बाक रिकामाच आहे." हेडमास्तर हिंमतरावांना दोन्ही तक्ते दाखवले. आकडे पाहून ते टेबलावर मूठ आपटत म्हणाले, "एक मुलगा हलवला तर दोन वर्ग वर! मग दहा हलवा! रोज हलवा!" त्यांना आवरता आवरता मधली सुट्टी संपली.

मानसिंगरावाला बोलावून सांगितलं. त्याने विचारलं, "मास्तर, माझं काही चुकलं का?" इतकं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकलं. मी म्हणालो, "छे छे, तुझ्या तीस गुणांनी दोन्ही वर्गांचं कल्याण होणार आहे." त्याने नेहमीसारखा फळा पुसला, दप्तर उचललं आणि गेला.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज एक विचित्र प्रसंग. सकाळी दारात हवालदार दत्ताजीराव, मानसिंगरावाचे वडील. डोक्याला फेटा, मिशा वळलेल्या, हातात नारळ आणि साखरेची पुडी. मला वाटलं भांडायला आले. मी चेहरा शक्य तितका शिक्षकी केला.

त्यांनी नारळ माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, पोराने सगळं सांगितलं. ब ची बाजू ढासळत होती, म्हणून तुम्ही आमच्या मानसिंगाला कुमक म्हणून धाडलंत. अहो, आम्ही तीस साल फौजेत काढली. कमकुवत फळीवर कोणाला पाठवतात ते आम्हांला ठाऊक आहे. खोगीरभरतीला कोणी पाठवत नाही, भरवशाचा गडी निवडतात. आमच्या घरातून कुमकेवर निवडलेला हा पहिलाच." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. "त्याची आई काल आळीभर साखर वाटून आली."

मी म्हणालो, "चहा घेणार?"

ते गेल्यावर सुहासिनीने नारळ उचलून देवापाशी ठेवला. "हा वाढवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा," म्हणाली. नारळ तिथेच आहे.

मंगळवार, २ डिसेंबर

तक्ता वर गेला, चाळीस. मन स्वस्थ आहे. फक्त हल्ली फळा कोणी पुसत नाही. कोटाच्या बाहीला खडू लागतो आणि घरी बोलणी खावी लागतात. वर्गनायकाला विचारलं तर म्हणाला, "मास्तर, ते मानसिंग करायचा." त्याला कोणी सांगितलं होतं? म्हणाला, कोणीच नाही.

बुधवार, १४ जानेवारी १९१४

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. मोहनरावांनी गच्चीवर पतंग उडवायला बोलावलं. ब वर्गातली निम्मी पोरं तिथे! मास्तराने विद्यार्थ्यांबरोबर पतंग उडवावेत हे मला पसंत नाही. मानसिंगराव फिरकी धरून उभा होता आणि दोघा पोरांना सांगत होता, एवढ्या दोरात एवढा उंच पतंग, तर दुप्पट दोरात किती उंच. उत्तर बरोबर होतं. अपघात असावा. सहा कवड्यांतल्या सहाही कधीतरी उताण्या पडतातच.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

भिंतीपलीकडून रोज गलका. आज त्रैराशिक शिकवत असताना पलीकडून कोणीतरी मोठ्याने त्रैराशिकच समजावत होतं. आवाज मोहनरावांचा नव्हता. उदाहरण मात्र माझं, पाणी भरणाऱ्या तीन नळांचं, माझ्याच शब्दांत. दाराशी जाऊन पाहिलं. मोहनराव खिडकीत बसून गाठ्या खात होते आणि फळ्यापाशी मानसिंगराव. एका पोराला उत्तर आलं नाही. मला वाटलं, आता हा माझ्यासारखं काहीतरी म्हणणार आणि वर्ग हसणार. त्याने त्या पोराच्या हाती खडू दिला आणि म्हणाला, "घाई नको. मी थांबतो."

मोहनराव मला म्हणाले, "हा अ मधून आलेला आहे ने, पोरांना ह्याचा मोठा भाव. मला नाही विचारत, ह्यालाच विचारतात. मला आराम."

वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय. हेडमास्तरांकडे गलक्याबद्दल लेखी तक्रार दिली.

बुधवार, १८ मार्च

वार्षिक परीक्षा झाली. पेपर बाहेरच्या परीक्षकाकडे गेले, आमच्या हातात काही नाही. मला काळजी नाही. तीच मुलं, तोच विषय, आणि ओझं आधीच उतरवलेलं. पुस्तकाच्या नियमाप्रमाणे सरासरी चाळिसाच्या खाली जाण्याचा संभव फार थोडा. आत्याला विचारलं तर तिने कवड्या टाकल्या. एकच उताणी पडली. "धरू का?" म्हणाली. मी नको म्हणालो.

सोमवार, ६ एप्रिल

अ वर्ग. मुलं एकोणीस, गुण सातशे अठ्ठावन्न. सरासरी एकोणचाळीस पूर्णांक एकोणनव्वद शतांश.

दोन गुण. एकोणीस मुलांत मिळून दोन गुण कमी.

ब वर्ग. मुलं एकवीस, गुण सातशे चौदा. सरासरी चौतीस. अठ्ठाविसाची चौतीस! वर्गात पहिला मानसिंगराव, गुण अडुसष्ट.

हेडमास्तर हिंमतरावांनी सोनगडचा कागद माझ्या हातात दिला आणि पुटपुटले, "मी म्हटलं होतं, दहा हलवा." घरी आलो. जेवलो नाही. सुहासिनीने ताट झाकून ठेवलं.

बुधवार, ८ एप्रिल

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. गाळायचं नाही असं ठरलं आहे.

संध्याकाळी मानसिंग आला. हातात घडी केलेला कागद. ओटीवर उभ्यानेच म्हणाला, "मास्तर, मला परत अ मध्ये घ्या. मी हिशेब केला आहे." कागदावर होतं: सातशे अठ्ठावन्न अधिक अडुसष्ट, आठशे सव्वीस, भागिले वीस, एकेचाळीस पूर्णांक तीन. खाली: सातशे चौदा वजा अडुसष्ट, सहाशे सेहेचाळीस, भागिले वीस, बत्तीस पूर्णांक तीन. "तुम्हीपण राहता, मोहनरावमास्तरपण राहतात. आता तुमची फळी कमकुवत आहे."

मी सवयीने चूक शोधली. तीन वेळा. चूक नव्हती.

हेडमास्तर एका पायावर तयार झाले असते. मी कागद हातात धरून बसलो होतो. आतून कवड्यांचा आवाज येत होता, आत्या एकटीच खेळत होती. मी म्हणालो, "नाही मानसिंग. पडलं ते दान पडलं." आणि मग, बोलायचं नव्हतं तरी तोंडातून गेलं, "दुसरं म्हणजे, तुला मी कुमक म्हणून पाठवलं नव्हतं."

"ठाऊक आहे, मास्तर," तो म्हणाला. "मी तेव्हाच वजाबाकी करून पाहिली होती."

"मग वडिलांना तसं का सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, ब मध्ये का घातलं. काहीतरी सांगायला हवं होतं." मग पुढे म्हणाला, "एकदा तसं सांगितल्यावर मग तसं वागणं भाग पडलं. त्यांना सांगू नका."

मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तो गेल्यावर सुहासिनीला म्हटलं, तो नारळ वाढव. ती म्हणाली, "नोव्हेंबरातला नारळ तो, एव्हाना नासला असेल." फोडला तर आत खोबऱ्याची सुटी वाटी निघाली, गोड होती.

सोमवार, ८ जून

बडोदे स्टेशन. मी, सुहासिनी, आत्या, अकरा नग सामान. मोहनराव गाठ्यांची मोठी पुडी घेऊन आले होते. गाडी सुटायला दहा मिनिटं असताना फलाटावरून दत्ताजीराव ताठ चालत आले, मागे मानसिंग.

"मास्तर, पोराने सांगितलं. सोनगडची फळी पार ढासळली आहे, म्हणून सरकारने तुम्हांला निवडलं." त्यांनी टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. "मोहीम फत्ते करून या!"

मी मानसिंगकडे पाहिलं. तो आपल्या पायांकडे बघत होता.

"अहो, सलाम घ्या," सुहासिनी हळूच म्हणाली. मी घेतला.

सोमवार, १५ जून, सोनगड

एक खोली, अकरा मुलं. पहिल्या चाचणीचे गुण दोनशे नऊ, सरासरी एकोणीस. सवयीने पाहू लागलो की कोणाला हलवलं तर चढेल. शेजारी ब वर्ग नाही. शेजारी गोठा आहे.

आज फळा मीच पुसला. एका मुलाला उत्तर आलं नाही, तोंडावर आलेला विनोद गिळला आणि त्याच्या हाती खडू दिला. त्याने बराच वेळ घेतला. उत्तर चुकलंच. आत्याला इथे करमत नाही, दिवसभर कवड्या टाकते, पण एक पडली तरी चिंचोका टाकते.

मोहनरावांना पत्र लिहायला बसलो होतो, की पोरांनी पोरांना शिकवायचं म्हणजे मास्तराने नेमकं काय करायचं असतं. सुहासिनी डोकावून म्हणाली, "त्यांना काय ठाऊक? ज्याने केलं त्याला विचारा की."

दुसरा कागद घेतला. पोरसवद्याला काय मायना लिहावा, थोडा अडलो. मग लिहिला: राजमान्य राजश्री मानसिंगराव यांसी. राव तेवढा पूर्वीही म्हणत असे. आज तो लिहिताना कोणी हसणार नव्हतं.